कॅम्पर गाडीचा फास्टॅग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रबाळ्याच्या एमआयडीसीत आमची शेड आहे. पिकअपच्या हौद्यात झोपायची केबिन बसवणं, ट्रॅव्हलरच्या आत ओटा-पलंग करणं, छतावर सोलर चढवणं, थोडक्यात गाडीची कॅम्पर करणं, ही आमची कामं. गाडी बांधायला टाकताना लोक फ्रिज किती लिटरचा आणि गादी किती इंचांची हे तासभर विचारतात. टोलचं कोणी विचारत नाही. मग पहिल्या सहलीवरून परत येताना कुठल्या तरी नाक्यावरून फोन येतो: "दादा, माझे जास्त पैसे का कापले?" या फोनवर वर्षानुवर्षं देत आलेली उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

आमची कॅम्पर वर्षातून चार वेळाच बाहेर पडते. फास्टॅग घ्यायलाच हवा का?

हवाच. राष्ट्रीय महामार्गांवर फेब्रुवारी २०२१ च्या मध्यापासून सगळ्या लेन फास्टॅगच्या झाल्या. चालू टॅग नसेल तर रोखीने दुप्पट टोल लागू झाला. १५ नोव्हेंबर २०२५ ला त्यात थोडी सवलत आली: टॅग नसताना यूपीआयने भरलं तर सव्वापट, रोख दिलं तर दुप्पटच. एमएसआरडीसीच्या (राज्य रस्ते विकास महामंडळाच्या) नाक्यांवर, म्हणजे मुंबईची प्रवेशद्वारं, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग वगैरे ठिकाणी, १ एप्रिल २०२५ पासून फास्टॅग सक्तीचा झाला.

चार वेळाच बाहेर पडणाऱ्या गाडीचा खरा त्रास वेगळा असतो. गाडी सोसायटीत ताडपत्रीखाली झोपलेली, टॅगही झोपलेला. बँकेने केवायसीसाठी पाठवलेले मेसेज कोणी वाचलेले नसतात. निघायच्या आदल्या रात्री पाण्याची टाकी भरता ना, त्याच वेळी बँकेच्या अ‍ॅपमध्ये टॅग चालू आहे का आणि शिल्लक किती आहे ते बघून घ्या. नाक्याच्या रांगेत उभं राहून रिचार्ज मारला की पैसे खात्यात दिसतात, पण नाक्यावरच्या यादीत टॅग चालू व्हायला वेळ लागतो. मागचा ट्रकवाला तेवढा वेळ देत नाही.

कॅम्परसाठी वेगळा टॅग मिळतो का?

नाही. टोलच्या वर्गवारीत 'कॅम्पर' नावाचा रकानाच नाही, आणि बहुतेक भांडणं इथूनच सुरू होतात.

टॅगमध्ये गाडीचा वर्ग लिहिलेला असतो. कार-जीप-व्हॅन हा वर्ग ४, त्याचा टॅग जांभळा. हलकी मालवाहू गाडी आणि मिनीबस हा वर्ग ५, टॅग नारिंगी. दोन एक्सलचा ट्रक किंवा बस, हिरवा. तुमची गाडी आतून कितीही घरासारखी असली तरी नाक्याच्या दृष्टीने ती या तीनांपैकीच काहीतरी असते. ती कोण हे ठरतं आरसीवरून, म्हणजे गाडीच्या पासिंगवरून. बँक टॅग देताना आरसी बघते आणि त्यावरून वर्ग टाकते. खिडकीला पडदे आहेत, मागे गॅसची शेगडी आहे, यातलं काहीही त्यात मोजलं जात नाही.

वर्गाने पैशांत किती फरक पडतो तेही सांगतो, कारण हा गुणाकार एकदा कळला की बहुतेक रस्त्यांचा अंदाज बांधता येतो. राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या शुल्क नियमांत मूळ दर असे होते: कारला किलोमीटरमागे ६५ पैसे, हलक्या मालवाहू गाडीला १ रुपया ५ पैसे, दोन एक्सलच्या ट्रक-बसला २ रुपये २० पैसे. म्हणजे कारच्या साधारण दीडपटीहून थोडं जास्त आणि साडेतीन पटीच्या आसपास. दर पुढे दरवर्षी वाढत गेले, प्रमाण तेच राहिलं. अटल सेतूवर एकेरी फेरीला कार २५०, मिनीबस आणि हलकी मालवाहू ४००, दोन एक्सलचा ट्रक ८३०. भागाकार करून बघा, प्रमाण जुळतं. समृद्धीवर १ एप्रिल २०२५ पासून किलोमीटरला २ रुपये ६ पैसे, ३ रुपये ३२ पैसे आणि ६ रुपये ९७ पैसे. तिथेही तेच. आमण्याहून नागपूरपर्यंतच्या ७०१ किलोमीटरला कारचे सुमारे १,४४५ रुपये होतात, तर नारिंगी टॅगवाल्याचे २,३०० च्या वर जातात. जाऊन-येऊन जवळपास पावणेदोन हजारांचा फरक, फक्त काचेवरच्या पट्टीच्या रंगाने.

माझी पिकअप पांढऱ्या पाटीची, प्रायव्हेट पासिंगची आहे. तरी नाक्यावर 'लाइट कमर्शिअल' म्हणतात. का?

कारण नाक्यावर दोन जण तुमच्याकडे बघत असतात. एक, टॅग वाचणारा अँटेना. दुसरा, लेनमध्ये बसवलेली वर्ग ओळखणारी यंत्रणा. गाडी किती उंच, किती लांब, तिला एक्सल किती हे ती सेन्सरने मोजते. टॅग म्हणतो 'कार', सेन्सरला दिसतो मागे उंच डबा असलेला छोटा टेम्पो. दोघांचं जमलं नाही की पडद्यावर लाल ओळ येते आणि निर्णय टोलच्या खिडकीतल्या मुलावर जातो.

एका ग्राहकाची व्ही-क्रॉस पिकअप तयार झाल्यावर पहिल्या फेरीला मी बरोबर गेलो होतो. पहाटे साडेपाच, कुठल्याशा नाक्यावर बूम वर जाईना. आत कानटोपी घातलेला पोरगा. त्याने मान बाहेर काढून मागे बघितलं आणि म्हणाला, "काका, ही मालवाहू आहे. मागे डबा आहे बघा." मी म्हटलं, "डबा नाही रे, बेडरूम आहे." तो हसला, पण त्याचं बोट बटणावरून हललं नाही. मग मोबाइलवर आरसी उघडून दिली. सुपरवायझर चहाचा कप घेऊनच आला, अंगठ्याने स्क्रीन वर-खाली केली आणि एका ओळीवर थांबला: 'मोटार कार'. त्या ओळीवर आम्ही सुटलो. पंधरा दिवसांनी ग्राहकाला मेसेज आला की फरकाची रक्कम कापली आहे! कोणीतरी मागाहून फोटो तपासून गाडी वरच्या वर्गात टाकली होती. बँकेत आरसी आणि गाडीचा फोटो देऊन तक्रार केली, तेव्हा कुठे पैसे परत आले.

तेव्हा पांढऱ्या पाटीच्या पिकअपवाल्यांनी दोन गोष्टी सवयीच्या करून घ्या. आरसी डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये उघडून तयार ठेवा, डब्याखाली शोधत बसू नका. आणि सहल संपल्यावर महिनाभर टॅगचं स्टेटमेंट बघत राहा, कारण फरक नंतरही कापला जातो.

बोलेरो कॅम्परच्या तर नावातच कॅम्पर आहे. तिला कारचा टोल लागेल ना?

हा प्रश्न दर महिन्याला येतो. नाही. ती डबल केबिनची मालवाहू पिकअप आहे, नाव कंपनीने ठेवलंय. पिवळी पाटी असेल तर टॅग नारिंगीच.

मग पासिंगच 'कॅम्पर' म्हणून करून घेता येईल का?

येतं, आणि गाडी घ्यायच्या आधी वाचून ठेवावी अशी एक गंमत यात आहे. केंद्र सरकारची ५ नोव्हेंबर २००४ ची अधिसूचना आहे, त्यात गाड्यांचे दोन गट पाडलेत: परिवहन आणि बिगरपरिवहन. कॅम्पर व्हॅन दोन्ही यादींत आहे. परिवहनच्या यादीत नुसती 'कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर', बिगरपरिवहनमध्ये 'खासगी वापराची कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर'. म्हणजे गाडी तीच, पण तुम्ही ती स्वतःच्या कुटुंबासाठी वापरणार की भाड्याने देणार यावर पाटीचा रंग ठरतो.

गाडीत फेरफार करायचा तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठणकावून सांगितलं आहे. तेव्हा आधी आरटीओ, मग वेल्डिंग. ठाण्याची एमएच-०४ असो, वाशीची एमएच-४३ की पनवेलची एमएच-४६, तुमची गाडी जिथे नोंदलेली आहे तिथे आधी विचारा. पट्ट्यांनी बांधलेली, उतरवता येणारी केबिन हे सामान की फेरफार, यावर मी दोन अधिकाऱ्यांची दोन मतं ऐकली आहेत. म्हणून आम्ही ग्राहकाला तोंडी उत्तरावर काम सुरू करू देत नाही, लेखी काहीतरी आणा म्हणतो. लोक वैतागतात. वैतागू देत.

आरसीवर बदल चढला की टॅग देणाऱ्या बँकेला नवी आरसी द्यायला विसरू नका. आरसी एक सांगते, टॅग दुसरं, अशी गाडी प्रत्येक नाक्यावर अडते.

हौद्यातली केबिन उतरवून ठेवली तर टोल कमी होतो का?

नाही. टॅगमधला वर्ग गाडीचा असतो, पाठीवरच्या ओझ्याचा नसतो. कारच्या वर्गातली पिकअप मोकळी असली की सेन्सरशी भांडण होत नाही, एवढाच फायदा. नारिंगी टॅगवालीला तोही नाही.

टॅग नेमका कुठे चिकटवायचा? आमच्या कॅम्परचा टॅग पटकन वाचलाच जात नाही.

या प्रश्नावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण यात चूक बऱ्याचदा आमच्यासारख्या गाडी बांधणाऱ्यांची असते.

फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. नाक्याच्या छताला टांगलेला अँटेना ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लहरी खाली तिरक्या फेकतो, त्यातूनच टॅगमधली चिप जागी होते आणि आपला नंबर परत पाठवते. टॅग आणि अँटेना यांच्यामध्ये पत्रा आला की संपलं. म्हणून टॅग काचेच्या आतून, वरच्या बाजूला मध्यभागी, आरशाच्या मागे लावतात. साध्या गाडीला तिथून वर आकाश मोकळं असतं.

आता पिकअपवर बसवलेली केबिन बघा. तिचा पुढचा भाग ड्रायव्हरच्या टपावरून पुढे आलेला असतो, आत झोपायची जागा असते. आमच्या शेडमध्ये त्याला 'टोपी' म्हणतात. ही टोपी काचेच्या पुढे फूट-दीड फूट आली आणि अॅल्युमिनियमच्या पत्र्याची असली, वर सोलरची फ्रेम असली, की टॅग तिच्या सावलीत जातो. गाडी अँटेनाच्या बरोबर खाली जाऊन थांबली तर वरून टॅग दिसतच नाही. मग नाक्यावरचा पोरगा हातातलं मशीन घेऊन बाहेर येतो, मशीन काचेला लावतो, मागे हॉर्न वाजतात.

आम्ही बांधलेल्या तिसऱ्याच गाडीला हे झालं. तुर्भ्याचे एक काका, निवृत्त शिक्षक, तीन नाक्यांवर अडकून आले आणि गाडी शेडच्या दारात आडवी लावून म्हणाले, "ही टोपी काढ, नाहीतर मला टोलनाक्यावर नोकरी लाव." त्यांच्या गाडीच्या टोपीचा पुढचा भाग कापून तिथे फायबरचा बसवला. फायबरमधून लहरी जातात, पत्र्यातून जात नाहीत. तेव्हापासून टोपीचं नाक फायबरचंच करतो आणि सोलर मागच्या भागात सरकवतो. कोणाकडून गाडी बांधून घेत असाल तर एवढं एक विचारून घ्या: टोपीचं नाक कशाचं?

गाडी आधीच बांधून झाली असेल तर चालवण्याची युक्ती आहे. पुढच्या गाडीच्या बंपरला चिकटून लेनमध्ये शिरू नका. एक गाडीचं अंतर सोडून सावकाश या. लांबून येताना अँटेनाला टोपीच्या खालून काच तिरकी दिसते, टॅग तेव्हाच वाचला जातो. एकदा खाली जाऊन उभे राहिलात की नाही. अडकलात तर चार फूट मागे घ्यायला मिळतंय का बघा.

चिकटवताना काच आतून कोरडी पुसून घ्या, कडेच्या काळ्या ठिपक्यांच्या पट्ट्यावर आणि उष्णता परतवणाऱ्या फिल्मवर लावू नका. एकदा लावलेला टॅग सोलून काढला की आतली तार तुटते. गोंद लावून दुसऱ्यांदा बसवणारे बहाद्दर भेटलेत, त्यांच्यातला एकही टॅग पुन्हा चाललेला मी बघितला नाही.

काचेवर न लावता टॅग हातात धरून दाखवला तर? मला तो डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवायला बरा वाटतो.

असं करू नका. हातात धरलेल्या सुट्या टॅगला काळ्या यादीत टाकायचं धोरण राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये आणलं. कारण उघड आहे: कारचा टॅग ट्रकमध्ये बसून दाखवणारे लोक होते.

घरच्या कारचा टॅग कॅम्परला, किंवा जुन्या मालकाचा टॅग तसाच वापरला तर चालेल?

नाही चालणार. एका गाडीला एकच टॅग आणि एक टॅग एकाच गाडीला, हा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. सेकंडहँड गाडी घेतलीत तर जुन्या मालकाला त्याचा टॅग बंद करायला सांगा आणि आपल्या नावाने नवा घ्या. आमच्याकडे एक गाडी आली होती, तिच्या काचेवर तीन टॅग शेजारी शेजारी, शाळेच्या बॅजसारखे.

ठाणे-नवी मुंबईतून निघताना कुठे किती कापले जातात?

राष्ट्रीय महामार्गांचे दर दर १ एप्रिलला बदलतात म्हणून तिथले आकडे लिहीत नाही. वाटा सांगतो. नाशिककडे निघालात की पडघ्याजवळ अर्जुनलीचा नाका, पुढे घोटी. घोडबंदरवरून गुजरातकडे निघालात की खानिवडे, मग चारोटी. हे सगळे राष्ट्रीय महामार्गाचे.

पुण्याकडे द्रुतगती मार्गाने गेलात तर तो एमएसआरडीसीचा. १ एप्रिल २०२३ पासून कारला ३२०, मिनीबस-टेम्पोला ४९५, दोन एक्सलच्या ट्रकला ६८५, हे एकेरी. ट्रॅव्हलरची कॅम्पर असेल तर ४९५ धरा. अटल सेतूचे एकेरी दर वर आलेच. कारला परतीसकट ३७५ आणि दिवसभराचा पास ६२५. नेरूळ-उलव्याच्या मंडळींना दक्षिण मुंबईत कॅम्पर नेऊन काय करायचंय कोण जाणे, पण विचारतात म्हणून लिहिलं.

समृद्धीला भिवंडी तालुक्यातल्या आमण्याला चढायचं. इथे चढताना नोंद होते, उतरताना जितके किलोमीटर गेलात तितके पैसे कापले जातात. शिर्डीला उतरणाऱ्याला नागपूरचा टोल बसत नाही. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा खुला झाल्यापासून आमच्या ग्राहकांचा ओढा तिकडेच आहे. रस्ता सरळ आहे म्हणून कॅम्पर पळवू नका, उंच गाडीला बाजूचा वारा ढकलतो.

मुंबईत शिरताना टोल माफ झाला ना? मग ऐरोली-मुलुंडला माझे पैसे का कापले?

वाशी, ऐरोली, मुलुंडचे दोन आणि दहिसर, अशा पाच नाक्यांवर १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून हलक्या वाहनांना टोल नाही. ट्रक, बस, मिनीबसला आहे. मिनीबस म्हणून नोंदलेल्या ट्रॅव्हलरची कॅम्पर केलीत आणि आरसी तशीच ठेवलीत तर ती नाक्याला मिनीबसच वाटणार. जांभळा टॅग असूनही कापले असतील तर तक्रार करा.

वार्षिक पास कॅम्परला मिळतो का?

१५ ऑगस्ट २०२५ ला हा पास सुरू झाला तेव्हा किंमत ३,००० रुपये होती. एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. मिळतो फक्त खासगी कार-जीप-व्हॅनला, आणि पात्रता 'वाहन' पोर्टलवरच्या नोंदीवरून तपासली जाते. पांढऱ्या पाटीची, मोटार कार म्हणून नोंदलेली पिकअप असेल तर राजमार्गयात्रा अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून बघा. नारिंगी टॅगला नाही. नुसत्या चॅसी नंबरवर काढलेल्या टॅगलाही नाही, आधी गाडीचा नंबर त्यात चढवावा लागतो.

पास घ्यायच्या आधी आपण जातो कुठे ते बघा. तो फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर चालतो. पुण्याचा द्रुतगती मार्ग, समृद्धी, अटल सेतू हे त्यात नाहीत. दर शनिवारी लोणावळ्याला जाणाऱ्याला उपयोग शून्य. कच्छ, राजस्थान असं लांब फिरणाऱ्याला मात्र ३,००० च्या हिशेबाने फेरीमागे १५ रुपये पडायचे, त्याच्यासारखी चैन नाही. एकेका नाक्याची एक फेरी मोजली जाते, जाणं-येणं म्हणजे दोन.

चोवीस तासांत परतलो तर सवलत मिळते. कॅम्परवाल्यांना ती लागू आहे का?

आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यावर चोवीस तासांत परत आलात तर जाण्या-येण्याचे मिळून दीडपट कापले जातात, फास्टॅगवर आपोआप. पण आपल्या लोकांना ती मिळते कुठे! शनिवारी सकाळी आठला नाका ओलांडायचा, रात्री भंडारदऱ्याला मुक्काम टाकायचा, रविवारी दुपारचं जेवण करून निघायचं. चोवीस तास कधीच उलटून गेलेले असतात. शनिवारी दुपारी निघून रविवारी सकाळी परतणारे फार थोडे, आणि त्यांना सहल झाल्यासारखी वाटत नाही.

टॅगमध्ये पैसे आहेत, पण नाक्याचं मशीन बंद आहे. रोख मागतात. द्यायचे?

राष्ट्रीय महामार्गावर नाही द्यायचे. मे २०१८ मध्ये शुल्क नियमांत दुरुस्ती झाली: टॅग चालू आहे, शिल्लक पुरेशी आहे आणि नाक्याची यंत्रणा बिघडली आहे, तर गाडी टोल न घेता सोडायची आणि शून्य रकमेची पावती द्यायची. हे शांतपणे सांगा आणि पावती मागा. मशीन खरंच बंद आहे की तुमच्या टोपीने टॅग झाकलाय, हे मात्र आधी बघा. शेजारच्या गाड्या धडाधड सुटत असतील तर दोष आपल्याकडे आहे.

चुकीचे पैसे कापले तर कोणाकडे जायचं?

टॅग ज्या बँकेचा, तिच्याकडे. नाक्यावर भांडून पैसे परत मिळत नाहीत, तिथे फक्त घसा बसतो. मेसेजमधली तारीख-वेळ, नाक्याचं नाव, आरसी आणि गाडीचा बाजूने काढलेला फोटो एवढं लागतं. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हा मदत क्रमांक आहे. गाडी घरी उभी असताना पैसे कापले गेले असतील तर त्या तासाचं सोसायटीच्या सीसीटीव्हीचं चित्रण लगेच काढून ठेवा. बहुतेक सोसायट्यांत ते काही दिवसांत पुसलं जातं.

कॅम्पर भाड्याने घेतली तर टोल कोणाचा?

टॅग मालकाचा, पैसे मालकाच्या खात्यातून, हिशेब नंतर तुमच्याशी. म्हणून किल्ली घेताना टॅगचा रंग बघा आणि शिल्लकीचा फोटो काढा. गाडी भाड्याची असूनही पाटी पांढरी असेल तर माझा सल्ला, घेऊ नका. टोलचं राहू दे, अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारेल.

मुलगी न्यूजर्सीला असते. आम्ही दोघं जाऊन तिथे ट्रक कॅम्पर भाड्याने घेणार आहोत. तिथे काय असतं?

ठाण्यातून हा प्रश्न इतक्यांदा आलाय की उत्तर पाठ आहे. आपला फास्टॅग तिथे चालत नाही. पूर्वेकडच्या राज्यांत ई-झी-पास, त्याची डबी बहुधा बॅटरीची असते. कॅलिफोर्नियात फास्टट्रॅक, नाव आपल्यासारखं पण व्यवस्था निराळी, आणि ई-झी-पास तिथे चालत नाही.

वर्गाचं दुखणं तिकडेही आहे, फक्त निकष बदलतो. न्यूयॉर्क स्टेट थ्रूवेवर एक्सल मोजतातच, शिवाय उंचीही बघतात: ७ फूट ६ इंचांच्या खाली एक वर्ग, त्याच्या वर दुसरा. नुसती पिकअप खालच्या वर्गात बसते, तिच्यावर केबिन चढली की वरच्या वर्गात जाते. म्हणजे केबिन उतरवून टोल कमी करणं आपल्याकडे जमत नाही ते तिथे जमतं! न्यूयॉर्क-न्यूजर्सीच्या पोर्ट ऑथॉरिटीच्या पुलांवर मागची चाकं एकेरी की जोडचाकं यावरून वर्ग पडतो. लेकीच्या कारमधली डबी काढून कॅम्परमध्ये ठेवायचा मोह आवरा, ती कारच्या वर्गाची असते आणि खात्यात कॅम्परची नंबरप्लेट नोंदवलेली नसते.

थ्रूवेवर नोव्हेंबर २०२० पासून आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर २०१३ पासून रोख घेतच नाहीत. डबी नसेल तर नंबरप्लेटचा फोटो काढून बिल मालकाला, म्हणजे भाड्याच्या कंपनीला जातं, आणि कंपनी स्वतःची फी लावून ते तुमच्या कार्डावर टाकते. करार करतानाच ही फी दिवसाला किती ते विचारा. बाल्टिमोरच्या बंदराखालच्या बोगद्यांतून स्वयंपाकाच्या गॅसचे मोठे सिलिंडर न्यायला बंदी आहे, तेव्हा नकाशा दाखवतो म्हणून कॅम्पर तिकडे घालू नका.

काच फुटली. टॅगचं काय?

टॅग काचेबरोबर गेला. त्याच बँकेकडून त्याच गाडीवर बदली टॅग मागवा, शिल्लक तशीच राहते. नवी काच बसवणाऱ्याला आधीच सांगा की काच उष्णतारोधक असेल तर टॅगसाठी मोकळा चौकोन सोडलेली आण. नवा टॅग हातात येईपर्यंत दोन-चार दिवस जातात, तेवढ्यात सहल ठरलेली असेल तर यूपीआयने सव्वापट भरायची तयारी ठेवा, किंवा सहल पुढे ढकला. ठाण्याच्या शेजारी येऊरच्या जंगलात जायला टोल लागत नाही, पण तिथे रात्री राहू देत नाहीत, तेव्हा तेही विचारू नका.